फाटकाबाहेरचा थरार : मराठी पटकथाकार आणि दिग्दर्शकांना यवतमाळहून पत्र

मित्रहो,



मनोरुग्णालयात घडणारा थरारपट लिहायला घेतला की पहिली दहा पानं जवळपास ठरलेली असतात. पावसाची रात्र, गावाबाहेरची दगडी इमारत, लांबलचक बोळ, टोकाला फडफडणारी ट्यूबलाइट. गज धरून उभी असलेली, केस मोकळे सोडलेली बाई. पांढऱ्या कोटातला डॉक्टर, ज्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दडवल्याची छटा आहे. या सगळ्यात एक शहाणा माणूस शिरतो, बहुधा पोलीस किंवा पत्रकार, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तोच तिथला जुना रुग्ण निघतो. तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर आज अशी पटकथा असणार. ती पूर्ण होण्याआधी हे पत्र पोचावं अशी इच्छा आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात राहते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी उशाशी ठेवून वाढलेली वाचक आहे, काळाकुट्ट सिनेमा मला मनापासून आवडतो, आणि आमच्या घरात मनोविकार आहे. त्यामुळे असा चित्रपट मी प्रेक्षक म्हणूनही बघते आणि रुग्णाची नातेवाईक म्हणूनही. तुम्ही तो करू नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. शेवट गोड करा, डॉक्टरांना देव दाखवा, अशीही माझी मागणी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या विषयातला भयाण अंधार तुम्ही रुग्णालयाच्या फाटकाच्या आत शोधता, आणि त्याचा मोठा भाग फाटकाच्या बाहेर आहे. घरात, शेतात, एसटीच्या बाकावर.

या प्रकारातला आदर्श म्हणून आपल्याकडे हमखास 'शटर आयलंड'चं नाव निघतं. डेनिस लहेनच्या २००३ च्या कादंबरीवर मार्टिन स्कोर्सेसीने २०१० मध्ये केलेला हा चित्रपट मीही पुन्हा पुन्हा बघितला आहे. त्याची नक्कल करताना तुम्ही बेट घेता, वादळ घेता, शेवटचा धक्का घेता. पण त्या धक्क्याच्या खाली काय आहे ते जरा बघा. गोष्ट १९५४ सालात ठेवली आहे, आणि हे साल सहज निवडलेलं नाही. मेंदूचा काही भाग छेदून माणूस शांत करणाऱ्या लोबोटॉमीच्या शस्त्रक्रियेसाठी पोर्तुगालच्या इगास मोनिझला १९४९ मध्ये नोबेल मिळालं होतं. क्लोरप्रोमाझीन हे भ्रम-भासांच्या मनोविकारावरचं पहिलं प्रभावी औषध फ्रान्समध्ये १९५२ च्या सुमारास वापरात आलं आणि १९५४ मध्ये अमेरिकेत पोचलं. सुरी, गोळी आणि संवाद यांच्यातली ओढाताण ऐन भरात असतानाचं हे वर्ष आहे. बेन किंग्जलीने केलेला डॉ. कॉली पहिल्या पाहण्यात खलनायक वाटतो. दुसऱ्यांदा पाहिलं की लक्षात येतं, रुग्णाला लोबोटॉमीच्या टेबलापासून वाचवण्यासाठी सगळं रुग्णालय पणाला लावणारा तोच एक माणूस आहे.

आणि त्या रुग्णाचं, म्हणजे चित्रपटाच्या नायकाचं, मूळ पाप कुठे घडलेलं असतं? रुग्णालयात नव्हे, त्याच्या घरात. त्याची बायको आजारी असते. तिने राहतं घर पेटवलेलं असतं. तो तिच्यावर उपचार करत नाही, बिऱ्हाड तळ्याकाठी हलवतो आणि दारूत बुडून राहतो. पुढे तिच्या हातून तीन मुलं जातात. जगभर थरारपट म्हणून गाजलेल्या या चित्रपटाचं बीज म्हणजे घरातल्या माणसाचा आजार दिसत असूनही त्याकडे पाठ फिरवणं. ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या उमरखेडच्या किंवा वणीच्या कुठल्याही घराला कळेल. आपल्या नकलांमध्ये नेमकं हेच गळून जातं आणि फडफडणारी ट्यूबलाइट तेवढी उरते.

तपास करणारा किंवा गोष्ट सांगणाराच वेडा निघतो, या युक्तीला तर शंभर वर्षं उलटून गेली. रॉबर्ट वीनेचा जर्मन मूकपट 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' १९२० चा. मनोरुग्णालयाचा प्रमुखच खुनी आहे असं सांगणारा तरुण शेवटी त्याच रुग्णालयात दाखल असलेला दिसतो. मिलोश फोरमनने १९७५ मध्ये 'वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट' केला, तेव्हा त्याने सेट उभारला नाही. ओरेगॉन राज्याच्या सेलम इथल्या खऱ्या मनोरुग्णालयात चित्रीकरण केलं, तिथले प्रमुख डॉ. डीन ब्रुक्स यांनाच डॉक्टरची भूमिका दिली, आणि तिथल्या काही रुग्णांनाही कामाला घेतलं. चित्रपट व्यवस्थेवर कडाडून टीका करतो, आणि टीका करण्याआधी तिच्या आत जाऊन राहतो. म्हणूनच तो टिकला. आपल्याकडे असित सेनच्या 'खामोशी'ने फार पूर्वीच दाखवलं होतं की वॉर्डातली सर्वांत करुण व्यक्ती परिचारिकाही असू शकते. रुग्ण बरा व्हावा म्हणून प्रेमाचं नाटक करता करता वहिदा रहमानची राधा स्वतःच कोलमडते. तिच्यावर हा प्रयोग लादणारे डॉक्टर क्रूर नाहीत, आपल्या शोधाने भारावलेले आहेत. त्या चित्रपटात एकही किंकाळी नसती तरी काळीज हललं असतं.

आता तुमचा चित्रपट आमच्या जिल्ह्यात पोचतो तेव्हा काय होतं, ते सांगते.

आमच्या नात्यातल्या एका बाईंचा मुलगा खोलीबाहेर यायचा थांबला होता. रात्र रात्र झोप नाही, भिंतीपलीकडून लोक आपल्याबद्दल बोलतात असं म्हणायचा. यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, तिथे नेऊन दाखवू, असं मी सुचवलं. बाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ''शाक देतीन का त्याले? बांधून ठेवतीन का? नागपूरले नेलं त मंग वापस देतीन का?''

त्या जन्मात कधी मनोरुग्णालयात गेलेल्या नव्हत्या. घरातलं कुणी गेलेलं नव्हतं. हे तिन्ही प्रश्न पडद्यावरून आलेले होते. मुलाला औषध सुरू व्हायला पुढे कित्येक महिने लागले, आणि या आजारात सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. या उशिराचं सगळं खापर मी सिनेमावर फोडत नाही. लग्न जमणार नाही ही भीती होती, मांत्रिकाकडच्या खेपा होत्या, हंगामही ऐन भरात होता. पण बाईंच्या डोळ्यांसमोर रुग्णालयाचं जे चित्र होतं ते तुमच्या व्यवसायाने काढलेलं होतं, आणि ते खोडायला माझ्याजवळ दुसरं चित्र नव्हतं.

शॉकचंच घ्या. रोममध्ये चेरलेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी १९३८ मध्ये ही पद्धत सुरू केली, तेव्हा भूल न देता विजेचा झटका देत असत, हे खरं आहे. तेव्हाची दृश्यं भयंकरच होती. आज रुग्णाला आधी भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात, आणि मेंदूतला झटका साधारण मिनिटभरात ओसरतो. बाहेरून पाहणाऱ्याला फार तर पायाच्या बोटांची हालचाल दिसते. ज्याला जगणंच नको झालं आहे, ज्याने खाणंपिणं सोडलं आहे, जो दगडासारखा ताठरून बसला आहे, अशा रुग्णावर हा उपचार गोळ्यांपेक्षा लवकर लागू पडू शकतो. काही काळ विस्मरण होतं, हा त्याचा खरा त्रास आहे आणि तो लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला बंदी घातली आहे. तरीही पडद्यावर माणूस पट्ट्यांनी बांधलेलाच असतो, दातांत रबर असतं, आणि खलनायक हसत हसत खटका दाबतो. १९४५ ची गोष्ट सांगत असाल तर जरूर दाखवा. मोबाइल फोन असलेल्या गोष्टीत तसं दाखवलंत तर यवतमाळातली एखादी आई आपल्या मुलाला तिथे नेणार नाही.

दुसरा प्रश्न बांधण्याचा. त्याच कायद्याने रुग्णाला साखळदंड घालायला बंदी केली आहे आणि एकांत कोठडीही बेकायदा ठरवली आहे. साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांच्या मृत्यूची भारतातली भीषण दुर्घटना घडली ती ६ ऑगस्ट २००१ ला, तामिळनाडूतल्या एरवाडी इथे. पहाटे आग लागली, साखळ्या निघेनात, २८ जण जळून गेले. ते सरकारी मनोरुग्णालय नव्हतं. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणारं खासगी आश्रयस्थान होतं, आणि रुग्णांना तिथे त्यांच्या घरच्यांनी सोडलेलं होतं. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं हा त्याखाली गुन्हा आहे. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. साखळदंडाचा थरारपट तुम्हाला करायचा असेल तर तो इथे आहे, रक्तामांसाचा, आणि अजून कुणी नीट केलेला नाही.

कायद्यात लिहिलं म्हणजे प्रत्येक वॉर्डात तसंच घडतं, असा माझा दावा नाही. चार भिंतींआड अन्याय होतो, कर्मचारी अपुरे पडतात, रुग्णाच्या अंगावर नीट कपडे नसतात, तक्रार कुणी ऐकत नाही. २०१७ च्याच कायद्याने जिल्ह्यांसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळं सांगितली आहेत, जिथे रुग्ण स्वतः दाद मागू शकतो. एखादा रुग्ण अशा मंडळासमोर उभा राहून स्वतःची बाजू मांडतो आहे, त्याचं बोलणं कधी सुसंगत आहे तर कधी नाही, आणि समोर बसलेल्यांना आज निर्णय द्यायचा आहे, या प्रसंगात केवढा ताण आहे! कोर्टातलं नाट्य तुम्ही इतक्या आवडीने रचता, मग हे का नाही?

तिसरा प्रश्न मात्र मला अजून झोपू देत नाही. नागपूरहून परत देतील का?

महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. मंजूर खाटा अनुक्रमे १८५०, २५४०, ३६५ आणि ९४०. नागपूरचं १८६४ चं, म्हणजे मध्य प्रांत अस्तित्वात येऊन तीनच वर्षं झाली होती तेव्हाचं. ज्या चौकात ते आहे त्याला नागपूरकर आजही पागलखाना चौक म्हणतात. यवतमाळहून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. झरी जामणीच्या कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, किंवा महागावच्या तांड्यावरून निघालेल्या माणसाला किती गाड्या बदलाव्या लागतात, किती मजुरी बुडते, याचा हिशेब तुम्ही करा. आजारी माणूस गाडीत शांत बसेल याची खात्री नसते. शेजारचे प्रवासी उठून जातात. भाऊ त्याचा हात धरून असतो आणि सगळ्यांकडे बघून ओशाळं हसत असतो.

रुग्ण परत मिळतो का, याचं उत्तर असं आहे की रुग्णालय द्यायला तयार असतं, न्यायला कुणी येत नाही. बरे झालेले पण घरी न गेलेले रुग्ण हा आपल्या मनोरुग्णालयांचा जुना, खोल प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशांच्या पुनर्वसनासाठी राज्यांना आदेश दिले. २०२१ मध्ये महाराष्ट्रावरच ताशेऱ्यांची वेळ आली, कारण इथे बरे झालेले रुग्ण भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. ते ताबडतोब थांबवा, असं न्यायालयाला सांगावं लागलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयासमोर आलं की चार रुग्णालयांत दहा वर्षांहून जास्त काळ राहिलेले शेकडो रुग्ण आहेत आणि त्यांतले कित्येक घरी जायला योग्य आहेत. हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. दहा वर्षं. बाहेर पेऱ्याचे दहा हंगाम गेले, पुतण्यांची लग्नं झाली, सातबाऱ्यावरून नाव उतरलं असेल, आणि हा माणूस रोज सकाळी गोळी घेऊन, आंघोळ करून, पूर्ण शुद्धीत फाटकाकडे बघत बसलेला.

तुमच्या पटकथेतला रुग्ण पळून जाण्यासाठी गज कापतो. त्यापेक्षा हे दृश्य लिहा: रुग्णालयाची समाजसेविका सुट्टी मिळालेल्या माणसाला घेऊन त्याच्या गावी निघाली आहे. पत्ता पंधरा वर्षांपूर्वीचा. घर सापडतं. दार अर्धंच उघडतं. आतली बाई वहिनी आहे की दुसरंच कुणी, हे त्यालाही कळत नाही. तेवढ्यात भाऊ शेतावरून येतो आणि ओळख द्यायची की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर ठरत जातं. या दोन मिनिटांपुढे बोळातली कुठलीही किंकाळी फिकी आहे. भावालाही राक्षस करू नका. जुन्या आजारपणात त्याने मार खाल्ला असेल, कर्ज काढलं असेल, त्याच्या मुलीचं स्थळ याच कारणाने मोडलं असेल. त्याची भीती खरी आहे आणि आत गेलेल्याचा हक्कही खरा आहे.

यवतमाळात नंददीप फाउंडेशन नावाची संस्था रस्त्यावरच्या बेघर मनोरुग्णांसाठी निवारा चालवते. तिकडे कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र हेच काम करतं. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामात रोज जे घडतं तो शुद्ध तपासपट आहे. जटा वाढलेला, स्वतःचं नाव न सांगणारा माणूस आणला जातो. केस कापतात, जखमा धुतात, औषध सुरू होतं. काही आठवड्यांनी तो एखादा शब्द बोलतो. एखाद्या नदीचं नाव, शाळेचं नाव, आठवडी बाजाराचा वार. बोलीवरून प्रांत ओळखायचा, प्रांतावरून जिल्हा, मग नकाशा उघडून पोलीस ठाण्यांना आणि सरपंचांना फोन. डॉ. वाटवानींच्या कामाची सुरुवातच अशी झाली. करवंटीने गटारातलं पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला, त्याला त्यांनी आपल्या नर्सिंग होममध्ये आणून उपचार केले, आणि तो आंध्र प्रदेशातला विज्ञान पदवीधर निघाला. इथे गुप्तहेर आहे, कोडं आहे, उलगडा आहे. आणि उलगडा झाल्यावरही गोष्ट संपत नाही, कारण घरच्यांनी त्याचं तेरावं उरकलेलं असू शकतं.

खुनी मनोरुग्णाबद्दल थोडक्यातच लिहिते. गंभीर मनोविकार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता जास्त, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. आमच्या गावात दगड मारणारी पोरं असतात आणि दगड खाणारा वेडा असतो, हे तुम्हीही पाहिलेलं आहे. २०१९ मध्ये 'मेंटल है क्या' या हिंदी चित्रपटाच्या नावाला इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने हरकत घेतली आणि नाव बदलून 'जजमेंटल है क्या' झालं. पाटी बदलली, एवढ्यावर मला समाधान नाही. खुनाचं कारण म्हणून आजार वापरणं हा मुळात लेखकाचा आळस आहे. ज्याला कारण सुचलं नाही त्याने पात्राच्या हातात फाइल दिली आणि फाइलवर निदान लिहिलं.

आता शेताकडे येते, कारण यवतमाळचं नाव तुम्ही ऐकलं असेल ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठीच. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. अजूनही दर १९ मार्चला त्यांच्या आठवणीत लोक अन्नत्याग करतात. शेतकऱ्याची आत्महत्या म्हणजे मनोविकार, असं म्हणून कापसाचा भाव, वीज, कर्ज आणि पाऊस यांची जबाबदारी झटकणं मला कदापि मान्य नाही. पण कर्जाची नोटीस आणि शेवटची रात्र यांच्यामध्ये काही दिवस असतात. त्या दिवसांत माणूस बोलणं कमी करतो, जेवणावरची वासना जाते, बैलांकडे बघत उभा राहतो. घरातली बाई हे बघत असते. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'ने २००९ मध्ये नेमके हे दिवस पकडले होते. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर सोनाली कुलकर्णीची अलका आपल्या नवऱ्यावर, गिरीश कुलकर्णीच्या किसनावर, पाळत ठेवायला लागते. पोराला त्याच्या मागे पाठवते, एकटं सोडू देत नाही. सगळं घर पहारेकरी होतं. उघड्या शेतात, भर उन्हात घडणारा हा आपला अस्सल मानसिक थरारपट आहे आणि त्यात रुग्णालयाची एक वीटही नाही.

ते दिवस वाचवता येतात, हेही विदर्भानेच दाखवलं आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि धीर द्यायला शिकवलं, गरज पडली तर पुढे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. राज्य सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आहे, त्यात आशा ताई घरोघर जाऊन विचारपूस करतात. दाराशी आलेली आशा ताई ''झोप येते का?'' असं सहज विचारते, आतल्या खोलीत नवरा ऐकतो आहे, उंबऱ्यात उभी बायको खरं सांगायचं की नाही या विचारात आहे. लिहा ना हा प्रसंग. तुमच्यातल्या कित्येकांना तो माझ्यापेक्षा शंभरपट चांगला लिहिता येईल.

मराठीला हे जमत नाही असं तर मुळीच नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'मध्ये अतुल कुलकर्णीच्या शेषच्या डोक्यात आपल्याला नेऊन बसवलं. स्किझोफ्रेनिया आतून कसा ऐकू येतो, हे मला कुठल्या पुस्तकाआधी त्या चित्रपटाने कळलं. त्यांच्याच 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. त्याचे निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. या चित्रपटांना कुणी थरारपट म्हणत नाही, पण 'देवराई'तली बहीण भावाला घरी ठेवायचं की नाही या प्रश्नापाशी येते तेव्हा माझा श्वास अडकला होता. मला तुमच्याकडून तेच हवं आहे, फक्त अधिक काळोखात, अधिक वेगाने, तुमच्या पद्धतीने.

काही साध्या विनंत्या आहेत. खऱ्या रुग्णालयात चित्रीकरणाची परवानगी मिळालीच, तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा चेहरा किंवा माहिती बाहेर येऊ देऊ नका, २०१७ च्या कायद्याने तो हक्क त्याला दिला आहे. गोष्टीचं साल ठरवा, आणि त्या साली तिथे कोणते उपचार होते ते विचारून घ्या. आत्महत्येचं दृश्य लिहिताना पद्धत दाखवू नका, मागे राहिलेल्यांकडे कॅमेरा वळवा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक श्रेयनामावलीच्या शेवटी बारीक अक्षरांत न टाकता पात्राच्या हातून एकदा डायल होऊ द्या, पलीकडून मराठीत बोललेलं प्रेक्षकांना ऐकू द्या. ती सोय दिवसरात्र आहे आणि फुकट आहे, हे आमच्याकडे अजून फार थोड्यांना माहीत आहे.

यवतमाळला २०१९ च्या जानेवारीत साहित्य संमेलन झालं, तेव्हा उद्घाटनाचा मान आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या विधवेला, वैशाली येडे यांना मिळाला. त्या 'तेरवं' या शेतकरी विधवांच्या नाटकात काम करत होत्या. ज्यांच्यावर हे ओढवलं त्या बाया स्वतः रंगमंचावर उभ्या राहून बोलल्या, आणि प्रेक्षकांनी त्यांचं ऐकलं. रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसंही तशीच बोलू शकतील, लिखाणात मदत करू शकतील, विचारलं तर. आमच्याकडे या. मानसोपचार विभागाच्या बाहेर नातेवाईक बसलेले असतात त्यांच्याजवळ कॅमेरा न आणता बसा, त्यांना बोलावंसं वाटलं तर ऐका.

आणि चित्रपट तयार झाला की प्रदर्शनाआधी, काटछाट अजून शक्य असताना, त्याचा एक खेळ यवतमाळात फक्त रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी लावा. माझ्या नात्यातल्या त्या बाईंना मी घेऊन येईन. त्या फार स्पष्ट बोलतात. त्यांचं ऐकून घ्या, मग काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तुम्ही ठरवा.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक प्रेक्षक